हॉस्टेल, ड्यूटी आणि हातातला फोन: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी इंटरनेटची ओढ कशी आटोक्यात आणायची

फोन सोडा, असं या लेखात कुठेही म्हणणार नाही. नर्सिंगला असलेल्या मुलीला किंवा मुलाला तो सोडताच येत नाही. ड्यूटीचं रोस्टर व्हॉट्सॲपवर येतं, मॅडम केअर प्लॅनचा (पेशंटच्या देखभालीच्या आराखड्याचा) नमुना पीडीएफ करून टाकतात, मेसचे पैसे यूपीआयने जातात, आणि गडचिरोलीकडच्या आईला रात्री व्हिडिओ कॉल झाला नाही तर तिच्या घशाखाली घास उतरत नाही. तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडणाऱ्याला आपण बिनधास्त सांगतो, ‘आजपासून एकही पुडी नको.’ इंटरनेटचं पथ्य मात्र जेवणाच्या पथ्यासारखं असतं. ते रोज लागणारच. किती, कधी आणि कशासाठी एवढंच आपल्या हातात.

नागपुरात मी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शिकवते. मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी हॉस्पिटलं, मिहानचं एम्स आणि खाजगी हॉस्पिटलं, एवढ्या वॉर्डांत मिळून विदर्भभरातली पोरं-पोरी पोस्टिंग करतात आणि रात्री हॉस्टेलच्या खाटेवर येऊन पडतात. इंजिनिअरिंगच्या पोरांना लागू पडणारे सल्ले यांच्या कामाचे नाहीत. ‘रात्री दहाला फोन बंद करा’ हे ऐकायला छान आहे, पण दहाला ती इव्हिनिंग ड्यूटीहून येऊन नुकती जेवायला बसलेली असते. पुढच्या आठवड्यात तीच दहाला नाइटसाठी एप्रन घालत असते. झोपेचा पत्ता नाही, जेवणाची वेळ नाही, आणि वॉर्डात दिवसभर उभं राहून कुणाचं ना कुणाचं बोलणं खाल्लेलं असतं.

इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलंय ते असं. फोनवर वाया जाणारा बराचसा वेळ दिवसातल्या एखाद-दोन ठरावीक तासांत असतो, आणि त्या तासाला त्याचं स्वतःचं कारण असतं. तो तास सापडला आणि त्यामागचं कारण कळलं की काम निम्मं झालं. पुढची सगळी पायरी-पायरी त्यासाठीच.

किती तास म्हणजे जास्त?

तासांवरून काही ठरत नाही. परीक्षेच्या आधी पाच तास लेक्चर बघणारी आणि पाच तास रील्स बघणारी, दोघींचा स्क्रीन टाइम सारखाच दिसतो. पाहायचं ते वेगळंच. पाचव्या-सहाव्या सेमिस्टरला मेंटल हेल्थ नर्सिंगमध्ये दारूच्या व्यसनाची जी लक्षणं आपण पाठ करतो, तीच इथे लावून बघा. पूर्वी अर्ध्या तासात समाधान व्हायचं, आता दोन तासांत होत नाही, असं झालंय का? फोन जवळ नसला की चिडचिड, अस्वस्थपणा येतो का? कमी करायचं ठरवूनही जमत नाही का? झोप, हजेरी, मैत्रिणी, पैसा यांचं नुकसान डोळ्यांदेखत होत असूनही चालूच आहे का? आणि वाईट वाटलं की हात पहिल्यांदा तिकडेच जातो का?

वैद्यकीय बाजूही नीट कळू द्या, कारण यात गोंधळ फार. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही आजारांची वर्गवारी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आणि तिच्यात ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा आजार आहे. ‘इंटरनेट ॲडिक्शन’ नावाचं वेगळं निदान तिच्यात नाही. अमेरिकेच्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या सूचीत २०१३ साली इंटरनेट गेमिंगची नोंद झाली, तीही ‘आणखी अभ्यास हवा’ या शेऱ्यासह. म्हणून मैत्रिणीला ‘तू ॲडिक्ट आहेस’ असं निदान ठोकून देऊ नका. त्रास खरा आहे, त्यावर काम करायला लेबल लागत नाही.

मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांची इंटरनेट ॲडिक्शन टेस्ट वीस प्रश्नांची आहे आणि १०० पैकी गुण मिळतात. साधारण ५० च्या पुढे मध्यम आणि ८० च्या पुढे तीव्र धरतात. सातव्या सेमिस्टरच्या रिसर्च प्रोजेक्टसाठी हा विषय आमच्याकडे भलताच लाडका. ज्युनिअर्सना प्रश्नावल्या वाटायच्या, मीन आणि एसडी (सरासरी आणि प्रमाण विचलन) काढायचा, ‘अवेअरनेस प्रोग्रॅमची गरज आहे’ असा निष्कर्ष लिहायचा. हे सगळं रात्री दोनपर्यंत, मधेमधे रील्स बघत. तर ती प्रश्नावली एकदा स्वतः भरा. प्रामाणिकपणे भरायला दहा मिनिटं लागतात. आलेला आकडा तारखेसह लिहून ठेवा, महिन्याभराने लागेल.

पहिला आठवडा: काहीही न बदलता फक्त मोजा

पेशंट आला की आपण आधी असेसमेंट करतो, थेट सलाइन लावत नाही. इथेही तसंच. एक आठवडा वागणं बदलायचं नाही, फक्त नोंद ठेवायची.

अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ आहे, आयफोनमध्ये ‘स्क्रीन टाइम’. तिथे तीन गोष्टी दिसतात: कुठल्या ॲपवर किती वेळ गेला, फोन किती वेळा उघडला, आणि नोटिफिकेशन किती आली. यातला मधला आकडा बहुतेकींना हादरवतो. एकूण वेळ ‘लेक्चर पाहत होते’ म्हणून झाकता येतो, पण दिवसात फोन किती वेळा उघडला याला कारण सांगता येत नाही.

पण ॲप काय उघडलं ते फोन सांगतो, का उघडलं ते सांगत नाही. त्यासाठी वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने आखा. किती वाजता, काय उघडलं, आणि त्याच्या अगदी आधी काय झालं. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि आळस येतो तोही त्यालाच. समजा, तिसऱ्या वर्षाची एक मुलगी इव्हिनिंगला मेडिसिन वॉर्डात आहे. तिची वही अशी दिसेल:

‘दु. १.२०: इन्स्टा. एप्रन घालायचा होता, जायचा कंटाळा.’
‘रा. ९.१५: आईचा कॉल, १२ मिनिटं.’
‘रा. ९.४०: इन्स्टा, मग शॉर्ट्स. आज इन्चार्ज सिस्टर सगळ्यांसमोर बोलल्या. चार्टवर सही राहिली होती.’
‘रा. १.०५: अजून चालूच. फोन तोंडावर पडला.’
‘रा. १.१०: व्हॉट्सॲप. उद्याची ड्यूटी बदलली का ते बघायला. मग स्टेटस बघत बसले.’

एवढ्या पाच ओळींत सगळं आलं. आईच्या कॉलमध्ये काही चूक नाही. दुपारचं इन्स्टा किरकोळ. पण रात्री ९.४० ते १.०५ चा जो पट्टा आहे, तो वॉर्डातल्या बोलण्यापासून सुरू होतो. या मुलीला ‘रील्स कमी बघ’ सांगून उपयोग नाही. त्या बोलण्याचं काय करायचं ते तिला कुणी सांगितलेलंच नाही.

सात दिवसांत एखादी नाइट, एखादा ऑफ आणि एखादा कॉलेजचा दिवस आला तर उत्तम. तिन्ही दिवसांचे नमुने वेगळे निघतात. उन्हाळ्यात मोजत असाल तर दुपार नीट बघा. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, बारा ते पाच बाहेर पडायची सोय नाही, खोलीत कूलर घरघरतोय, तीन खाटांवर तिघी आडव्या. ‘काय पाहून राहिली गं?’ ‘काही नाही, असंच.’ या ‘असंच’ मध्ये चार तास जातात, आणि हाच काळ नेमका परीक्षेच्या तयारीचा.

तीन ढीग करा

आठवड्याच्या शेवटी वहीतल्या नोंदी तीन ढिगांत वाटा. एक कामाचा: रोस्टर, पीडीएफ, पैसे, घरचा फोन, औषधाची माहिती. दुसरा आवडीचा, म्हणजे ठरवून बघितलेला एपिसोड किंवा क्रिकेटची मॅच. ज्याला सुरुवात आणि शेवट असतो. तिसरा ओढीचा: जे उघडायचं ठरवलं नव्हतं आणि थांबायची जागा नव्हती.

पहिल्या दोन ढिगांना हात लावू नका. आवडीचं काही उरलंच नाही तर सगळी योजना चार दिवसांत कोसळते. उपचार फक्त तिसऱ्याचा.

तिसरा ढीग इतका चिकट का, हे तुम्ही पहिल्या सेमिस्टरच्या सायकॉलॉजीत शिकलात. मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगातला, चोच मारून दाणा मिळवणारा पक्षी आठवा. दाणा दर वेळी मिळत नाही, कधी मिळेल सांगता येत नाही, म्हणून तो चोच मारतच राहतो. पाच रील रद्दी निघतात, सहावी मस्त असते, आणि पुढची मस्त रील कितव्या क्रमांकावर येईल ते कळत नाही. ही तुमच्या स्वभावातली खोट नाही. ॲप त्याच हिशोबाने बांधलेलं असतं. पेपरात पाच मार्कांना लिहिलेलं उत्तर इथे उपयोगी पडतं.

एकच उद्दिष्ट, आणि तेही मॅडम खोडणार नाहीत असं

केअर प्लॅनमध्ये ‘पेशंटची झोप सुधारेल’ एवढंच लिहिलं तर आम्ही लाल पेनाने रेघ मारतो. कधीपर्यंत, किती, मोजणार कसं? स्वतःसाठी मात्र सगळेजण ‘आता फोन कमी करणार’ असंच लिहितात.

लिहायचं ते असं: ‘पुढचे दोन आठवडे, इव्हिनिंग ड्यूटी असेल त्या रात्री, साडेअकराला फोन दाराजवळच्या चार्जरला. सातपैकी पाच रात्री जमलं तर जमलं असं धरीन.’ सातपैकी सात लिहू नका. एक रात्र मोडली की ‘गेलं सगळं’ म्हणून उरलेलेही दिवस सोडून दिले जातात.

एका वेळी एकच तास घ्या. रात्रीचा पट्टा आणि दुपारचा पट्टा दोन्ही एकदम सोडवायला निघालेली मुलगी आठवड्यात थकते. कुठला घ्यायचा? झोप खाणारा. बाकीच्या तक्रारींचं मूळ बऱ्याचदा झोपेतच असतं: वॉर्डातली चूक, लेक्चरमधली डुलकी, चिडचिड. अठरा ते पंचवीस वयात सात ते नऊ तास झोप लागते, आणि हॉस्टेलवर पाच मिळाले तरी पोरी खूश असतात.

फोनमध्ये काय बदलायचं

इथे थोडं तपशिलात जाते, कारण ‘इच्छाशक्ती वाढवा’ यापेक्षा या गोष्टी जास्त चालतात.

फोन झोपायच्या जागेपासून दूर चार्जिंगला लावणं, ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात परिणामकारक गोष्ट. तिच्या विरुद्ध दरवेळी एकच कारण येतं: ‘मॅडम, अलार्म लागतो ना.’ मग सीताबर्डीतून साधं अलार्मचं घड्याळ आणा. खोलीत चार्जिंगचा पॉइंट एकच असेल आणि तो नेमका तुमच्या खाटेशी असेल, तर एक्स्टेन्शन बोर्ड लावून तिघींचे फोन कपाटावर ठेवा. तिघींनी मिळून केलं तर सोपं जातं. एकटीने केलं की शेजारच्या खाटेवरून हसण्याचे आवाज येत राहतात.

नोटिफिकेशनचं ऑपरेशन एकदाच, पण पूर्ण करा. व्हॉट्सॲपवर रोस्टरचा ग्रुप, घरचे आणि दोन जवळच्या मैत्रिणी सोडून बाकी सगळे ग्रुप ‘ऑल्वेज’ म्यूट. बॅचचा गप्पांचा ग्रुप अर्काइव्हमध्ये टाका. इन्स्टाग्राम आणि यूट्यूबची नोटिफिकेशन पूर्ण बंद. रात्रीसाठी ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावताना घरचे नंबर स्टार करून त्यांना परवानगी द्या, आणि थोड्या वेळात दुसऱ्यांदा आलेला कॉल वाजू द्या. घरी काही झालं तर कळणारच नाही, ही भीती गेली की फोन दूर ठेवणं जमतं.

यूट्यूब अभ्यासाला लागतो, तो काढून टाकता येत नाही. त्याची वॉच हिस्टरी बंद करा आणि जुनी पुसून टाका. मग २०२३ पासून आलेल्या बदलामुळे होम पेजवर शिफारशींची रांग दिसत नाही. शोधलं तेवढंच समोर येतं. माझ्या मते फोनमधली ही सगळ्यात उपयोगी सेटिंग आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे.

इन्स्टाग्रामचं ॲप काढून ब्राउझरमधून उघडा, दर वेळी लॉगआउट करा. पासवर्ड टाकायचा कंटाळा इथे आपल्या बाजूने लढतो. ॲप टायमरवर माझा फारसा भरवसा नाही, कारण वेळ संपल्याची पाटी आली की ती बंद करायला दोन सेकंद लागतात. आयफोनवर स्क्रीन टाइमचा पासकोड रूममेटला ठरवू दिला तर टायमरला थोडे दात येतात. स्क्रीन राखाडी करणं काहींना लागू पडतं, काहींना आठवड्यात सवय होते. करून बघा, नाही जमलं तर सोडा.

आणि रिचार्ज बघा. रोज दीड-दोन जीबीचा प्लॅन असला की रात्री अकराला मनात हिशोब सुरू होतो, ‘अजून एक जीबी उरलाय, बाराला वाया जाईल.’ पैसे भरलेत तर वापरायचाच. त्याऐवजी महिन्याला एकूण इतका डेटा, असा प्लॅन मिळाला तर तो घ्या. वाचलेला डेटा उद्या वापरता येतो हे कळलं की रात्रीची घाई संपते.

त्या तासात दुसरं काय?

फोन कपाटावर गेला, आता साडेअकरा ते झोप येईपर्यंत काय? ही जागा रिकामी ठेवलीत तर फोन परत येतो. काय भरायचं ते तिसरा रकाना सांगतो.

कारण वॉर्डातलं बोलणं असेल, तर ते बोलून टाकायची सोय हवी. मेसमधून येताना एकीला दहा मिनिटं सांगा, किंवा वहीत चार ओळी लिहा: काय झालं, माझं काय चुकलं, काय चुकलं नव्हतं, उद्या काय करीन. पहिला मृत्यू पाहिलेल्या दिवशी तर हे फारच लागतं. ट्युटरकडे जा, आम्हालाही तो पहिला दिवस आठवतो.

कारण नुसता थकवा असेल तर अंघोळ, पायाला तेल, आणि झोप. थकलेल्या माणसाला विश्रांती हवी असते आणि रील्स म्हणजे विश्रांती वाटते, पण डोकं कामालाच लागलेलं असतं. स्क्रीनच्या उजेडाने मेलाटोनिन हे झोपेचं हार्मोन उशिरा वाढतं हे खरं, त्याहून जास्त झोप उडवतं ते समोर दिसणारं.

कारण एकटेपणा असेल तर माणसं हवीत, आणि इथे नागपूर बरं शहर आहे. ऑफच्या दिवशी सकाळी लवकर अंबाझरी किंवा सेमिनरी हिल्सला चक्कर, मग तर्री पोहे. किंवा संध्याकाळी फुटाळा तलावावर तासभर. उन्हाळ्यात संध्याकाळचा बेत सातच्या आधी करू नका. कुणाशी जायचं आणि कधी, हे आदल्या दिवशी ठरवून ठेवा, नाहीतर ऑफचा दिवस खाटेवरच जातो. आणि फुटाळ्यावर जाऊन तासभर रीलच काढायची असेल तर तिकडे कशाला जायचं?

नाइट ड्यूटीचा आठवडा

नवीन योजना नाइटच्या आठवड्यात कधीच सुरू करू नका. शरीर आधीच उलटं फिरलेलं असतं. या आठवड्यात फक्त सकाळची झोप वाचवायची.

पहाटे तीन ते पाच हा सगळ्यात कठीण पट्टा. झोप डोळ्यांवर येते, वॉर्ड शांत असतो, आणि जागं राहायला फोन हाताशी असतो. त्यापेक्षा उठून एक राउंड मारा, आयव्ही बघा, चार्ट पूर्ण करा, पाणी प्या. चहा-कॉफी रात्रीच्या पहिल्या भागात. पहाटे घेतली तर सकाळी झोप लागत नाही.

सकाळी हॉस्टेलला येताना गॉगल किंवा स्कार्फ लावून उजेड टाळा. घरच्यांना आधीच सांगा की नाइटच्या दिवसांत कॉल संध्याकाळी. खिडकीला जाड चादर, कूलर चालू, फोन एअरप्लेन मोडवर. खरा धोका आडवं पडल्यानंतरच्या त्या ‘पाच मिनिटांत’ आहे. सकाळी नऊला सुरू झालेली पाच मिनिटं साडेअकराला संपली, तर रात्री वॉर्डात उभं राहणाऱ्या मुलीने अपुऱ्या झोपेवर इन्शुलिन मोजायचं असतं.

वॉर्डात

इथे मी कडक आहे. २०१० साली सिडनीतल्या दोन हॉस्पिटलांत ९८ नर्सेसचं औषध देतानाचं निरीक्षण झालं. मधे प्रत्येक व्यत्यय आला की चुका साधारण १२ टक्क्यांनी वाढत होत्या, आणि एका औषधाच्या वेळी चार व्यत्यय आले तर गंभीर चुकीचा धोका जवळपास दुप्पट होत होता. त्यात सगळे व्यत्यय आले, फोनचेच असं नाही. पण बाकीचे व्यत्यय आपल्या हातात नसतात. नातेवाईक येणार, डॉक्टर हाक मारणार. खिशातला थरथरणारा फोन तेवढा आपल्या हातात असतो. औषधाच्या ट्रॉलीला हात लावण्याआधी तो लॉकरमध्ये किंवा बंद.

दुसरं, हात. हात धुण्याचे पाच क्षण व्हायव्हात घडाघडा सांगणारी मुलगी ड्रेसिंग झाल्यावर ग्लोव्ह काढते, फोनवर एक मेसेज बघते आणि पुढच्या बेडला जाते. फोन वॉर्डात न्यावाच लागला तर ७० टक्के अल्कोहोलच्या वाइपने पुसा आणि त्यानंतरही हात धुवा.

तिसरं, युनिफॉर्ममधली रील. मागे बेड दिसतो, बेडवर पेशंट असतो, कधी केसपेपरवरचं नाव असतं. पेशंटला विचारलेलं नसतं. कितीही लाइक आले तरी हे चालणार नाही, यात दुसरं मत नाही. डोस काढायला किंवा औषध बघायला फोन हवा असेल तर इन्चार्ज सिस्टरना सांगून, त्यांच्यासमोर वापरा.

अभ्यास

थोडक्यात सांगते. लेक्चर आधी डाउनलोड करा आणि एअरप्लेन मोडवर बघा. हातात पेन ठेवा. नोट्सच्या पीडीएफची झेरॉक्स काढा. कागदावरून नोटिफिकेशन येत नाही. नॉरसेटच्या (एम्सच्या नर्सिंग भरतीच्या परीक्षेच्या) तयारीसाठी टेलिग्रामचे वीस चॅनल जोडलेली मुलगी एकही नीट बघत नाही, ती फक्त फॉरवर्ड साठवते. एक ठेवा, बाकी सोडा.

घसरलं तर

पहिले काही दिवस हात रिकामा वाटेल, विनाकारण चिडचिड होईल. ओढ आली की तिच्याशी वाद घालू नका. ती वर चढते आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत उतरते. तेवढ्यात उठून पाणी प्या, गॅलरीत जा.

एखादी रात्र मोडणारच. आजारी नातेवाईक, ब्रेकअप, निकालाचा दिवस. वहीत लिहा की मोडली आणि त्याआधी काय झालं होतं, बस्स. स्वतःला शिक्षा म्हणून दुसऱ्या दिवशी फोन पूर्ण बंद करू नका. त्याने तिसऱ्या दिवशी दुप्पट बघितलं जातं. दोन आठवड्यांनी मोजा. सातपैकी पाच रात्री जमत असेल तर दुसरा तास घ्या. जमत नसेल तर उद्दिष्ट चुकलंय, तुम्ही नाही. वेळ अर्ध्या तासाने पुढे घ्या किंवा कारण पुन्हा शोधा. महिन्याने प्रश्नावली परत भरा.

कॉलेज, वॉर्डन आणि घरचे यांच्यासाठी

रात्री अकराला ग्रुपवर ‘उद्या सकाळची ड्यूटी बदलली आहे’ असा मेसेज पडतो, आणि न बघणाऱ्या मुलीला सकाळी उभं केलं जातं. अशा ठिकाणी मुलींनी रात्री फोन दूर ठेवावा असं कुठल्या तोंडाने सांगायचं? संध्याकाळी सहानंतर बदल नाही, आणि झालाच तर त्या मुलीला थेट कॉल, एवढा नियम केला तरी निम्म्या फोनचं कारण संपतं. हे शिक्षकांनी करायचं काम आहे.

वॉर्डनबाईंनी फोन जमा करून घेऊ नयेत. जुना फोन जमा होतो, नवा उशीखाली राहतो. त्यापेक्षा रीडिंग रूमला कूलर द्या, रात्री अकरापर्यंत ती उघडी ठेवा.

आईबाबांनो, ‘रात्रभर फोनवरच असते’ म्हणून फोनवरच अर्धा तास रागावू नका. झोप किती होते ते विचारा, वॉर्डात काय झालं ते विचारा. आणि पैशांवर जरा लक्ष ठेवा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या कायद्याने देशात बंदी आली, तरी चोरवाटा असतात. मेसचे पैसे वारंवार कमी पडू लागले, कुठल्या ॲपवरून कर्ज निघालं, तर ती गोष्ट रील्सच्या सवयीपेक्षा वेगळी आणि तातडीची आहे.

डॉक्टरांकडे कधी आणि कुठे

महिनाभर प्रयत्न करूनही फरक नाही, हजेरी घसरतेय, जेवण-झोप पूर्ण बिघडलीय, माणसांत यायला नको वाटतं, गेमशिवाय काही सुचत नाही: यातलं काही असेल तर थांबू नका. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. जीव धोक्यात असेल तर ११२.

नागपुरात मेडिकल आणि मेयोला मानसोपचार ओपीडी आहे, एम्सलाही आहे, आणि प्रादेशिक मनोरुग्णालय तर शहरात १८६४ पासून आहे. जिथे पोस्टिंग करता तिथेच पेशंट म्हणून जायला संकोच वाटतो, तो मला मान्य आहे. मग दुसऱ्या हॉस्पिटलात जा, शहरात पर्याय आहेत. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ नुसार तुमची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे. ती कॉलेजला आपोआप जात नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी खास क्लिनिक चालतं, पण सुरुवातीला तिथवर जायची गरज बहुतेकांना पडत नाही.

ओपीडीत काय होतं? डॉक्टर आधी बघतात की मागे नैराश्य, चिंता, एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा त्रास) असं काही दडलेलं आहे का, कारण बऱ्याचदा फोन हे वरचं लक्षण असतं. तसं सापडलं तर त्यावर औषध मिळू शकतं. नुसत्या इंटरनेटच्या ओढीवर ठरलेली गोळी नाही. विचार आणि सवयींवर काम करणारी थेरपी, म्हणजे सीबीटी, देतात, आणि त्यासाठी काही बैठका लागतात.

ओपीडी सकाळची असते आणि मॉर्निंग ड्यूटीही सकाळचीच. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते आणि डिग्रीच्या आधी क्लिनिकलचे तास पूर्ण १०० टक्के भरावे लागतात, म्हणून दांडी मारून जाऊ नका, नाहीतर नवीन टेन्शन. क्लास को-ऑर्डिनेटरना ‘ओपीडीला जायचंय’ एवढंच सांगून त्या आठवड्यात इव्हिनिंग मागून घ्या. कुठल्या ओपीडीला, हे सांगायची गरज नाही. केसपेपरच्या खिडकीवर रांग असते, तेव्हा उघडायच्या वेळेआधी पोहोचा आणि ओळखपत्र जवळ ठेवा.